रिकाम्या जागांची झाडलोट
अनेक फाइलींतले नको असलेले स्पेस एकदम कसे काढावेत, आणि कोणते काढू नयेत



आपल्या शाळेच्या जुन्या अंकांतले लेख, कविता आणि वार्षिक अहवाल संगणकावर एकत्र करण्याचे काम सध्या चालू आहे. हा मजकूर अनेक हातांनी टाइप झाला आहे. काही फाइली शिक्षकांनी केल्या, काही पालकांनी घरून करून दिल्या, काही बाजारातल्या टायपिंगच्या दुकानातून आल्या. मजकूर उत्तम आहे, पण शब्दांमधल्या रिकाम्या जागा प्रत्येकाने आपापल्या सवयीने सोडल्या आहेत. कुठे दोन, कुठे चार, कुठे स्वल्पविरामाच्या आधी, तर कुठे चक्क शब्दाच्या पोटात.

“एवढ्याशा जागेने काय बिघडते?” असे कोणी विचारील. कागदावर फारसे बिघडत नाही, कारण आपला डोळा समजून घेतो. संगणक मात्र समजून घेत नाही. त्याच्या लेखी रिकामी जागा हेसुद्धा एक अक्षरच असते आणि त्याला स्वतःचा क्रमांक असतो. साध्या स्पेसचा क्रमांक ३२ आहे. समजा, एखादी माजी विद्यार्थिनी आली आणि म्हणाली, “सातवीत असताना माझी कविता अंकात आली होती, ती मिळेल का?” आपण तिचे नाव आणि आडनाव मधे एक जागा सोडून शोधतो. फाइलीत मधे दोन जागा असतील, तर संगणक सांगतो की असे नाव सापडले नाही. कविता समोर असून हरवते. म्हणून ही झाडलोट नुसत्या टापटिपीसाठी नाही.

जागा येतात कुठून?

जुन्या पोथ्यांत शब्द सलग लिहीत. मोडीतही आधी रेघ ओढून तिच्याखाली अक्षरे सलग लिहीत जात. होळकर दरबाराची मोडी कागदपत्रे पाहिली की हे लगेच लक्षात येते. शब्दाशब्दांत नेमाने जागा सोडायची पद्धत छापखान्यांनी रुजवली. पुढे टाइपरायटर आला. इंग्रजी टायपिंगच्या वर्गात पूर्णविरामानंतर दोन जागा सोडायला शिकवत, आणि ती सवय अनेकांच्या बोटांत राहिली. मथळा मधोमध आणण्यासाठी किंवा परिच्छेद आत सरकवण्यासाठी स्पेसची पट्टी पाच-सहा वेळा दाबणे, हेही टाइपरायटरचेच वळण.

दुसरे कारण आपल्या गावाचे आहे. आपण इंदूरकर दिवसभर हिंदी वाचतो आणि लिहितो. हिंदीत नामाला लागणारे ‘ने’, ‘को’, ‘में’ वेगळे लिहितात: ‘राम ने’, ‘घर में’. मराठीत प्रत्यय शब्दाला जोडून येतो: ‘रामाने’, ‘घरात’. माझे स्वतःचे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, त्यामुळे ही ओढ किती बळकट असते ते मी जाणतो. मुलांच्या निबंधांत ‘शाळे त’, ‘मुलां ना’, ‘झाडा वर’ असे दिसते ते याचमुळे.

म्हणजे नको असलेल्या जागा दोन जातींच्या आहेत. एक जात यंत्राच्या सवयीतून आलेली, दुसरी भाषेच्या सवयीतून. पहिली यंत्राकडून काढावी. दुसरी माणसानेच काढावी. या लेखात मुख्य सांगायचे ते एवढेच.

आधी जागा डोळ्यांना दिसू द्या

वर्डमध्ये होम पट्टीवर उलट्या ‘पी’सारखे एक चिन्ह असते. ते दाबले की प्रत्येक स्पेसच्या जागी एक ठिपका दिसतो, टॅबच्या जागी बाण दिसतो आणि परिच्छेद संपतो तिथे तेच उलटे चिन्ह उमटते. ठिपक्याऐवजी बारीक वर्तुळ दिसले, तर ती ‘अखंड जागा’ समजावी. तिचा क्रमांक १६० आहे. वेबसाइटवरून उचललेल्या मजकुरात ती बरेचदा येते. दिसायला ती स्पेससारखीच असते, पण शोधात साध्या स्पेसशी नेहमी जुळेलच असे नाही.

ओळी दोन्ही कडांना जुळवलेल्या असतील, तर शब्दांमधले अंतर ताणले जाते आणि दोन जागा आहेत असा भास होतो. ठिपका एकच असेल, तर तिथे काही करू नये.

एका फाइलीची कृती

आधी एकाच फाइलीवर हात बसवावा. कंट्रोल आणि एच ही बटणे एकत्र दाबली की ‘शोधा आणि बदला’ची खिडकी उघडते. पुढील कामे याच क्रमाने करावीत.

१. अखंड जागा साध्या करणे. वरच्या चौकटीत टोपीचे चिन्ह (इंग्रजी ६ च्या बटणावरचे) आणि त्याला लागून इंग्रजी छोटा ‘एस’ लिहावा. खालच्या चौकटीत एक स्पेस द्यावी. ‘सगळे बदला’ दाबावे.

२. अनेक जागांची एक करणे. वर दोन स्पेस, खाली एक स्पेस. बदल शून्य झाले असे संगणक सांगेपर्यंत ‘सगळे बदला’ पुन्हा पुन्हा दाबावे. हेच एका फटक्यात करायचे असेल, तर ‘वाइल्डकार्ड’ची खूण करावी आणि वर एक स्पेस देऊन तिला लागून महिरपी कंसात इंग्रजी दोनचा अंक व स्वल्पविराम लिहावा. याचा अर्थ ‘दोन किंवा अधिक’ असा होतो. काम झाल्यावर ती खूण काढून टाकावी.

३. परिच्छेदाच्या शेवटी लोंबणारी जागा काढणे. वर एक स्पेस, मग टोपी आणि छोटा ‘पी’. खाली नुसते टोपी आणि ‘पी’. परिच्छेदाच्या सुरुवातीची जागा काढायची असेल, तर वर स्पेस ‘पी’च्या नंतर द्यावी.

४. विरामचिन्हाआधीची जागा काढणे. वर स्पेस आणि स्वल्पविराम, खाली नुसता स्वल्पविराम. मग हेच पूर्णविराम, प्रश्नचिन्ह आणि उद्गारचिन्हासाठी वेगवेगळे करावे.

क्रम महत्त्वाचा आहे. अखंड जागा आधी साधी केली नाही, तर पुढच्या पायऱ्यांना ती दिसेलच असे नाही आणि ती तशीच राहू शकते.

ढीगभर फाइलींची कृती

फाइली शेकड्यांनी असतील, तर प्रत्येक उघडून हे करणे कंटाळवाणे होते, आणि कंटाळ्यात पायरी गळते. अशा वेळी मॅक्रो कामाला येतो. मॅक्रो म्हणजे संगणकाला एकदा करून दाखवलेली आणि त्याने लक्षात ठेवलेली कामांची माळ. वर्डमध्ये ‘व्ह्यू’ पट्टीवर मॅक्रो नोंदवण्याची सोय आहे. नोंद सुरू करून वरील कामे एकदा केली की माळ तयार होते.

या माळेभोवती एक फेरा बांधावा लागतो: फोल्डरमधली पहिली फाइल उघड, माळ चालव, जतन कर, बंद कर, पुढची घे, फाइली संपल्या की थांब. हे संगणकाच्या शिक्षकांना किंवा अकरावी-बारावीत संगणक शिकणाऱ्या विद्यार्थ्याला थोडक्या ओळींत लिहिता येते. दोन गोष्टी त्यांना सांगून ठेवाव्यात. साधा मॅक्रो बहुधा मुख्य मजकूरच साफ करतो. तळटिपा, पानाच्या माथ्याचा मजकूर आणि चौकटींतला मजकूर राहून जातो, त्यांच्यासाठी वेगळी ओळ लागते. आणि मॅक्रो चालल्यावर ‘अनडू’चा भरवसा धरू नये, कारण फाइल जतन होऊन बंद झालेली असते.

म्हणून पहिला नियम: मूळ फोल्डरला हात लावायचा नाही. त्याची प्रत करायची, मूळ पेनड्राइव्हवर वेगळे ठेवायचे आणि सगळे काम प्रतीवर करायचे.

यंत्र सोडण्याआधी फाइली निवडून घ्या

धान्य दळायला टाकण्याआधी आपण निवडतो, तसेच इथेही करावे. चार प्रकारच्या फाइली बाजूला काढाव्यात.

कविता: कवितेत काही ओळी मुद्दाम आत सरकवलेल्या असतात. त्या जागा कवीच्या आहेत, टाइप करणाऱ्याच्या नव्हेत.

याद्या आणि गुणपत्रके: नावे व गुण स्पेस दाबून रांगेत आणलेले असतील, तर यंत्र फिरताच सगळे रकाने कोसळतात. अशा याद्यांचा आधी तक्ता करून घ्यावा. एक्सेलमधल्या नावांसाठी ‘ट्रिम’ हे सूत्र पुरते. मात्र तेही १६० क्रमांकाची अखंड जागा काढत नाही.

कृतिदेवमधल्या फाइली: आपल्या मध्य प्रदेशात हा फाँट फार चालला. त्यात आपल्याला देवनागरी दिसते, पण फाइलीत प्रत्यक्ष इंग्रजी चिन्हे साठवलेली असतात. स्वल्पविरामाचे जे चिन्ह, तेच तिथे ‘ए’ म्हणून दिसते. म्हणजे ‘स्वल्पविरामाआधीची जागा काढ’ असे सांगितले की ‘आणि एक’चे ‘आणिएक’ होऊन बसते. अशा फाइली आधी युनिकोडमध्ये बदलून घ्याव्यात, झाडलोट नंतर करावी.

हिंदी मजकूर: आपल्या अंकांत हिंदी सूचना आणि लेखही असतात. त्यांना मराठीचे नियम लावले तर शुद्ध हिंदी अशुद्ध होईल.

न दिसणारे पण हवे असलेले

काही चिन्हांना रुंदीच नसते. काही जण ‘सगळी अदृश्य चिन्हे उडवा’ असा सरसकट आदेश देतात. मराठीत हे धोक्याचे आहे. ‘दऱ्या’ या शब्दातला अर्धा र संगणकावर दोन प्रकारे साठवला जातो, आणि त्यातल्या एका प्रकारात अदृश्य जोडचिन्ह असते. ते उडवले की ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो. डोंगरातल्या दऱ्या गेल्या आणि समुद्र आला! तसेच ‘आचाऱ्यास’चे ‘आचार्यास’ होते, म्हणजे स्वयंपाक्याला द्यायचे ते गुरुजींना मिळते. म्हणून अदृश्य चिन्हांना यंत्राने हात लावू नये.

प्रत्ययांची जागा माणसानेच पाहावी

आता भाषेच्या जागांकडे येऊ. ‘ने, ना, वर, पण यांच्या आधीची जागा काढून टाक’ असे यंत्राला सांगितले तर काय होईल? ‘रामा ने’चे ‘रामाने’ होईल, ते बरोबर. पण ‘मला घरी ने’ याचे ‘घरीने’ होईल. ‘येतोस ना?’चे ‘येतोसना’ होईल. ‘सुयोग्य वर मिळाला’ इथे ‘सुयोग्यवर’ होईल आणि लग्नाच्या बातमीतून नवरदेवच नाहीसा होईल. ‘मी पण येतो’ या साध्या वाक्यात ‘मीपण’ शिरेल, आणि मीपण म्हणजे अहंकार! उलट ‘त्यामुळे’ हा शब्द तोडला की त्या कुठल्या तरी मुळ्यांविषयी बोलणे चालले आहे असे वाटते. अर्थ पाहिल्याशिवाय ही जागा हवी की नको हे ठरत नाही, आणि अर्थ पाहणे हे वाचणाऱ्याचे काम आहे.

आणखी एक कारण मला जास्त महत्त्वाचे वाटते. ‘शाळे त’ असे लिहिणाऱ्या मुलाची वही यंत्राने गुपचूप दुरुस्त केली, तर अंक शुद्ध छापला जाईल, पण मूल पुढच्या वर्षीही ‘शाळे त’च लिहील. घरी मराठी, गल्लीत हिंदी आणि परीक्षेत इंग्रजी अशा वातावरणात आपली मुले वाढतात. प्रत्यय जोडून लिहिण्याची सवय त्यांना कोणी तरी शेजारी बसून लावावी लागते. म्हणून विद्यार्थ्यांच्या लेखनातल्या अशा जागांना यंत्राने फक्त रंग द्यावा. वर्डमध्ये शोधलेला शब्द पिवळा करण्याची सोय आहे. पिवळ्या जागा ज्याच्या त्याने शिक्षकांसमोर बसून जोडाव्यात. पालकांनी घरी निबंध टाइप करून दिला तरी हे जोडण्याचे काम मुलाकडूनच करून घ्यावे.

काम बरोबर झाले हे कसे ओळखावे?

याला एक सोपी चाचणी आहे. वर्डच्या शब्दगणनेत ‘स्पेस धरून’ आणि ‘स्पेस सोडून’ अशी अक्षरांची दोन मोजमापे असतात. पहिली पायरी, म्हणजे अखंड जागा साध्या करणे, झाल्यावर ‘स्पेस सोडून’चा आकडा टिपून ठेवावा. बाकीची झाडलोट झाल्यावर तो पुन्हा पाहावा. दोन्ही आकडे तंतोतंत सारखे असले पाहिजेत. ‘स्पेस धरून’चा आकडा कमी होईल, तो झालाच पाहिजे, पण ‘स्पेस सोडून’चा एकाने जरी घटला, तर जागेबरोबर अक्षरही गेले आहे असे समजावे आणि मूळ फाइलीशी ताडून पाहावे. त्यासाठी ‘रिव्ह्यू’ पट्टीवर दोन फाइलींची तुलना करण्याची सोय आहे. शिवाय प्रत्येक गठ्ठ्यातल्या चार-पाच फाइली कोणीतरी डोळ्यांनी वाचाव्यातच.

पुढे नव्या फाइली स्वच्छच याव्यात यासाठी टाइप करणाऱ्या सर्वांना विनंती: वाक्य संपल्यावर एकच जागा सोडा. विरामचिन्हाआधी जागा सोडू नका, नंतर सोडा. मथळा मधोमध आणायला त्याचे बटण वापरा आणि परिच्छेद आत घ्यायला पट्टीवरची खूण सरकवा. मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा.

ज्या पालकांना किंवा माजी विद्यार्थ्यांना मॅक्रो लिहिता येतो, आणि ज्यांना तो येत नाही पण मराठी चांगली येते, अशा दोघांचीही या कामात गरज आहे. पहिल्यांनी संगणक कक्षात यावे, दुसऱ्यांनी पिवळ्या जागा वाचायला बसावे.

– प्राचार्य