पाऱ्याचे इंच

सायखेड्याला गेलो तो एका आवाजामागे. चांदोरीकडून गोदावरीचा पूल ओलांडताना उंच बॉनेटची एक जुनी पेट्रोल जीप पुढे होती. थांबली की इंजिन अडखळायचं, दम लागलेल्या माणसासारखं. ती गॅरेजात शिरली, मीही शिरलो.

महिंद्राने १९४७ मध्ये विलिस जीप जोडायला घेतली, त्याच घराण्यातली ही सीजे-थ्रीबी. बॉनेट उंच आहे ते २.२ लिटरच्या ‘हरिकेन’ इंजिनामुळे : त्याचे इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये, आणि दोन्ही हलवणारा कॅमशाफ्ट एकच.

मिस्त्रींनी मॅनिफोल्डला व्हॅक्यूम गेज लावलं. धडधाकट इंजिन समुद्रकाठी स्लोवर, म्हणजे पेडल न दाबता नुसतं चालू असताना, पाऱ्याचे १७ ते २१ इंच दाखवतं. हवा विरळ होत जाते तसं हजार फुटांमागे इंचभर कमी, म्हणजे इथे दोनेक इंच वजा. काटा ११ वर थरथरत होता.

‘‘पुराचं पाणी इंजिनात बसलं होतं,’’ मिस्त्री म्हणाले. ऑगस्ट २०१९ चा पूर. कॅमला गंजाचे खड्डे पडले, म्हणून तो घासायला दिला. घासायचाच तर पिकअपवाला घासा, असं मालकाच्या मुलाने सांगितलं. लोबची गोल पाठ घासली की नाक तेवढंच वर येतं. व्हॉल्व्ह जास्त उचलला जातो, जास्त वेळ उघडा राहतो.

मग मिस्त्रींनी दोन तळवे समोर धरून ओव्हरलॅप दाखवला. हा दाखवण्याचा प्रकार मी विसरणार नाही. एक तळवा एक्झॉस्ट, अजून मिटलेला नाही. दुसरा इनटेक, उघडू लागलेला. इंजिन जोरात फिरत असेल तर बाहेर धावणारा धूर ताजी हवा मागे ओढून घेतो, तिथे ताकद मिळते. स्लोवर धुराला तो वेग नसतो. मॅनिफोल्डमधली ओढ त्यालाच उलटा आत खेचते आणि व्हॅक्यूम पडतो. १९६४ च्या पाँटिॲक जीटीओपासून अमेरिकेत ज्या गाड्यांचं वेड पसरलं, त्यांत असा कॅम बसवला की व्हॅक्यूमवर चालणारा ब्रेकचा बूस्टर उपाशी राहतो, पेडल दगड होतं.

या जीपला बूस्टर नाही. तिचा वायपर मात्र व्हॅक्यूमवर चालतो. मूळ कॅमवरही चढाला थ्रॉटल उघडलं की तो मंदावायचा. आता उभ्या गाडीतही रेंगाळतो.

उपाय आहेत. डिझेल इंजिनाच्या मॅनिफोल्डमध्ये थ्रॉटल नसतो, म्हणून व्हॅक्यूमही नसतो. त्यामुळे डिझेल जीपला अल्टरनेटरच्या पाठीवर व्हॅक्यूम पंप असतो. तो इथे बसवायचा तर अल्टरनेटर बदला, पट्टा बदला, ब्रॅकेट घडवा. विजेचा वायपर लावणं सोपं, पण मालकाला मूळचाच हवा. मला खरी धास्ती वेगळीच वाटली. लोबचं वरचं कडक कवच पातळ असतं. खालचं मऊ लोखंड उघडं पडलं असेल तर टॅपेट ते खात जाईल. मिस्त्री दर पंधरवड्याला क्लिअरन्स मोजतात, वहीत लिहितात. मूळ मापाचा कॅम मिळेपर्यंत एवढंच त्यांच्या हातात आहे.

निघताना पाऊस आला. जीप पुलाच्या चढाला लागली आणि वायपर काचेच्या मध्यावर थांबला. मुलाने ॲक्सिलरेटर सोडला. वायपर अर्धा हात सरकला, पुन्हा थांबला.