जांबहून कोकणात: एक नदी निवडा

घनसावंगी तालुक्यातल्या जांब समर्थहून कोकणात निघणारं कुटुंब बहुधा यादी करून निघतं: मुरुड-जंजिरा, दापोली, गणपतीपुळे, जमलं तर मालवण. नकाशावर सगळं समुद्रालगत, म्हणून जवळ वाटतं. पण हा सातशे किलोमीटरहून लांब किनारा खाड्यांनी जागोजागी तोडला आहे, आणि सुटी गाडीतच सरते. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं, की ठिकाणं मोजू नका, एक नदी धरा. जांबकरांनी सावित्री धरावी.

गोदावरीकाठच्या मुलखाला ही नदी नवलाची वाटेल. गोदावरी पश्चिम समुद्रापासून जेमतेम ऐंशी किलोमीटरवर उगम पावते, तरी १४६५ किलोमीटर चालून पूर्वेच्या समुद्राला मिळते. सावित्री महाबळेश्वराहून कोकणात उतरते आणि शंभरेक किलोमीटरांत हरिहरेश्वर-बाणकोटपाशी समुद्र गाठते. घाट, भातखाचरं, खाडी, बंदर, पुळण असं अख्खं कोकण दोन-तीन मुक्कामांत दिसतं.

शिवाय या खोऱ्यात जांबचं माणूस आधीच जाऊन राहिलेलं आहे. १६०८ साली जांबेत जन्मलेले नारायण ठोसर, म्हणजे समर्थ रामदास, टाकळीची तपश्चर्या आणि भारतभ्रमण आटोपून कृष्णाकाठी आले. दासबोधाचं लेखन झालं ते महाडजवळच्या शिवथरघळीत, असं परंपरा सांगते. धुळ्याच्या शंकरराव देवांनी १९३० मध्ये ही घळ शोधून काढली.

इथे मात्र एक निवड करावीच लागते. घळीवरून कोसळणारा धबधबा पावसाळ्यात खरा. पण महाडचा पाऊस जालन्याच्या चौपटीहून जास्त. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री याच सावित्रीच्या पुरात महाडचा जुना पूल वाहून गेला. जुलै २०२१ मध्ये तळिये गाव दरडीखाली गेलं. वरंधा घाटही पावसाळ्यात बऱ्याचदा बंद असतो. लेकरंबाळं, म्हातारी माणसं बरोबर असतील तर धबधब्याचा मोह सोडून फेब्रुवारी-मार्च धरावा. त्याच दिवसांत खाडीच्या दक्षिणेला, नाना फडणवीसांच्या वेळासला, ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्राकडे निघतात. सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून इथे अंडी राखायला सुरुवात केली. आज पाहुणे गावकऱ्यांच्याच घरी उतरतात, आणि कासव जगण्यात गावाचाही फायदा असतो. वाटेत महाडला चवदार तळं आहे. १९२७ च्या सत्याग्रहाची ही जागा घाईत उरकू नये.

बागमांडला-वेसवी फेरीबोट गाडीसकट खाडीपार नेते, मोठा वळसा वाचतो. हरिहरेश्वरची प्रदक्षिणा मात्र खडकांवरून, ओहोटीतच करायची. त्यासाठी किनाऱ्यावरचा जुना हिशेब पंचांग पाहणाऱ्याला सहज जमेल: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ निघते. अष्टमीला भरती सहाच्या सुमाराला, म्हणजे ओहोटी बाराला. निघण्याआधी गावकऱ्यांना विचारून खात्री करावी, आणि अष्टमीला सकाळी वेळास पाहून दुपारच्या आत हरिहरेश्वर गाठावं.