धाप लागते म्हणून बसूनच राहायचे?

‘बाबा, तुम्ही बसा, मी आणते.’ फुप्फुसाला फायब्रोसिस झाल्याचे निदान झाले की घरात हे वाक्य सुरू होते. आधी भाजीची पिशवी हातातून जाते, मग दूध आणणे, मग जिना. सगळे मायेपोटीच. पण काही महिन्यांनी तेच बाबा खोलीतून न्हाणीघरापर्यंत जाताना थांबतात आणि घरचे समजतात, आजार वाढला. कधी तो वाढलेला असतोही. पुष्कळदा मात्र बसून बसून मांड्यांचे स्नायू गेलेले असतात. दुबळे स्नायू तेवढ्याच कामाला जास्त दम मागतात.

फायब्रोसिस म्हणजे फुप्फुसात पडलेले व्रण. कधी संधिवातामुळे, कधी कबुतरांच्या विष्ठेच्या व पिसांच्या धुळीमुळे, तर कधी कारण सापडतच नाही. पिरफेनिडोन, निंटेडॅनिब ही औषधे व्रणांची वाढ मंदावतात; झालेले व्रण पुसत नाहीत. म्हणून उरलेल्या फुप्फुसावर दिवस कसा काढायचा, हा प्रश्न औषधाइतकाच महत्त्वाचा.

यात एक मेख आहे. विश्रांतीत फुप्फुसाच्या सूक्ष्म केशवाहिनीतून रक्त जायला सुमारे पाऊण सेकंद लागतो. चालताना रक्त त्याहून वेगाने पुढे सरकते आणि व्रणांनी जाड झालेल्या भिंतीतून तेवढ्या वेळात पुरेसा ऑक्सिजन पोहोचत नाही. त्यामुळे बसल्या जागी बोटावरचा ऑक्सिमीटर ९६ दाखवतो आणि जिना चढताच ८५. फक्त बसवून मोजले तर ही घसरण कळतच नाही. सहा मिनिटे चालवून बघण्याची साधी चाचणी त्यासाठीच असते. चालताना आकडा ८८च्या खाली जात असेल, तर थांबायचे आणि चालताना ऑक्सिजन लागेल का, हे डॉक्टरांना विचारायचे. नळी लावून बाहेर पडायची लाज वाटते, हे खरे. पण घरात कोंडून घेण्यापेक्षा ती नळी बरी.

दिवसातले सर्वात अवघड काम कोणते? बहुतेकांना जिना वाटतो. अनेक रुग्णांसाठी ते अंघोळ असते. बादली उचलायची, वाकायचे, हात वर करून डोक्यावर पाणी घ्यायचे आणि त्यात नकळत श्वास रोखायचा! प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसून, पाणी आधीच काढून ठेवून, दार थोडे उघडे ठेवून अंघोळ केली की निम्मा त्रास वाचतो. अंग घाईने पुसू नये. टॉवेल गुंडाळून दोन मिनिटे बसावे. वाकताना किंवा उचलताना श्वास सोडावा.

अशी वाचवलेली ताकद चालण्यात घालावी. बोलता येईल इतक्याच वेगाने, पाच-पाच मिनिटांचे तुकडे करून. खुर्चीतून हात न टेकता उठ-बस करणे हा मांड्यांसाठी घरातला उत्तम व्यायाम. पिरफेनिडोन घेणाऱ्यांची त्वचा उन्हाने भाजते, त्यांनी कोवळ्या उन्हाच्याही आधी किंवा संध्याकाळी निघावे. कबुतरांना दाणे टाकतात तो चौक मात्र टाळावा.

देखरेखीखालच्या फुप्फुस पुनर्वसन व्यायामाने चालण्याचे अंतर वाढते, धाप कमी होते, हे अभ्यासांत दिसले आहे. व्यायाम सोडला की फायदाही ओसरतो.

पण रोजचेच अंतर आठवडाभरात अचानक झेपेनासे झाले, चालताना छातीत दुखले, चक्कर आली किंवा पायांवर सूज आली, तर व्यायाम थांबवून डॉक्टरांना गाठावे. पुढच्या तारखेची वाट पाहू नये.