बीजभागदुष्टी आणि वाजीकरणाची मर्यादा

सहा वर्षांच्या अनपत्यतेनंतर एक दांपत्य पिंप्राळ्यातील आमच्या चिकित्सालयात आले. पत्नीच्या सर्व तपासण्या झालेल्या. पतीची एकही नाही. आम्हीही वृषणपरीक्षण न करताच त्यास आठ महिने अश्वगंधा व कवचबीज दिले. ही चूक आमचीच. पुढे वीर्यात शुक्राणू शून्य, वृषणे लहान व कठीण आढळली; गुणसूत्रे ४७, एक्सएक्सवाय. सुमारे ६०० पुरुषांत एकास असणारी ही क्लाइनफेल्टर विकृती कोणत्याही चूर्णाने पालटत नाही. सूक्ष्म शस्त्रकर्माने काहींच्या वृषणांत शुक्राणू मिळतात, तेही वय वाढण्यापूर्वी पाहिलेले बरे.

पुरुषबीजातील बीजभाग दुष्ट झाल्यास अपत्य वंध्य निपजते, असे चरकाचार्यांनी शारीरस्थानात सांगितलेच आहे. वाय गुणसूत्रावरील एझेडएफ-सी खंड लोपलेल्या पित्याचा दोष पुत्राकडे जातो, हे आजचे ज्ञान त्याहून फार दूर नाही. शुक्राणू मिलिलिटरमागे ५० लाखांहून कमी असल्यास ही तपासणी सुचवावी. शुक्रवाहिनी हातास लागत नसल्यास सीएफटीआर जनुक तपासावे, तेही पतिपत्नी दोघांचे. औषधालयचालक बंधूंनीही वीर्यतपासणीचा कागद पाहिल्याविना वाजीकरणयोग देऊ नयेत.

आम्ही अहवाल समजावून सांगितल्यावर पत्नीने एवढेच विचारले, “हे सासूबाईंना लिहून द्याल का?”

आम्ही पतीची संमती घेतली व लिहून दिले.