एकदा साखर वाढली म्हणजे मधुमेहच नव्हे

पिंपळनेर (ता. साक्री) : उपाशीपोटी रक्तातील साखर १२६ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर वा अधिक आढळल्यास मधुमेहाची शंका येते, मात्र लक्षणे नसल्यास फेरतपासणीनेच निदान निश्चित होते. उपाशीपोटी म्हणजे किमान आठ तास पाण्याखेरीज काहीही न घेणे. उपवासाची साबुदाणा खिचडी किंवा चहाही चालत नाही. जंतुसंसर्ग, तीव्र ताण व स्टिरॉइड औषधांमुळेही साखर वाढते. फळ हाताळून बोट न धुता ग्लुकोमीटर लावल्यास आकडा फसवा येतो. तीन महिन्यांची सरासरी दर्शविणारी 'एचबीए१सी' चाचणी लोहाच्या कमतरतेत वाढीव येऊ शकते, तर साक्रीसारख्या आदिवासी पट्ट्यात आढळणाऱ्या सिकलसेल आजारात ती विश्वासार्ह नसते. अशा रुग्णांची शिरेतील रक्ताची साखर तपासणे श्रेयस्कर. वाढीव आकड्याकडे दुर्लक्ष मात्र करू नये.