अ‍ॅप चाललं, पण संशोधन कुठे आहे?

‘सर, आम्ही सिस्टीम बनवली, ती चालते, म्हणून आमची पद्धत डिझाइन सायन्स.’ माहितीप्रणालीच्या तोंडी परीक्षांत हे उत्तर इतक्यांदा ऐकू येतं, की आता त्याचा नीट समाचार घ्यायलाच हवा. चालणारी सिस्टीम म्हणजे संशोधन नव्हे. ज्या लेखाचा संदर्भ हे विद्यार्थी हमखास देतात, त्या हेव्हनर, मार्च, पार्क आणि राम यांच्या ‘एमआयएस क्वार्टर्ली’तल्या 2004च्या लेखातच हा फरक स्पष्ट केलेला आहे. माहीत असलेलं ज्ञान वापरून एखाद्या संस्थेची अडचण सोडवणं हे नेहमीचं डिझाइन झालं. न सुटलेल्या प्रश्नाला नवा मार्ग काढणं, किंवा सुटलेला प्रश्न अधिक चांगल्या रीतीने सोडवणं, हे डिझाइन सायन्समधलं संशोधन.

दवाखान्यात नंबर लावण्याचं अ‍ॅप घ्या. लॉगिन, डॉक्टरांची यादी, वेळ निवडा, एसएमएस येईल. प्रबंधाची पन्नास पानं स्क्रीनशॉटनी भरतात आणि मूल्यमापनाच्या प्रकरणात वर्गातल्याच मित्रांना विचारलेलं असतं, ‘अ‍ॅप आवडलं का?’ मित्र नाही कशाला म्हणतील? यातून कुणाला काय नवं कळलं?

प्रश्न त्याच दवाखान्यात आहे, पण तो स्क्रीनवर दिसत नाही. वेळ घेऊन आलेला पेशंट बाकावर बसलाय आणि तापाने फणफणलेलं मूल घेऊन एक आई न सांगता आली. आधी कुणाला आत सोडायचं? काउंटरवरची बाई हे अंदाजाने ठरवते. तो अंदाज नियमात बसवा. तो नियम का चालेल, याचं कारण लिहा. ऐन गर्दीच्या वेळी तो वापरून पाहा, थांबण्याचा वेळ नियमाआधीच्या नोंदवहीशी ताडून बघा आणि नियम कुठे फसला तेही नोंदवा. मग दुसऱ्या दवाखान्याला तुमचं अ‍ॅप नको असलं, तरी तुमचा नियम उपयोगी पडेल. त्याला योगदान म्हणतात. मार्च आणि स्मिथ यांनी 1995मध्येच घडवणं आणि मूल्यमापन ही दोन्ही कामं शेजारी शेजारी मांडली होती. आपल्याकडे दुसरं काम शेवटच्या आठवड्यात उरकलं जातं, याची खरोखर चीड येते.

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

‘सॉफ्टवेअर हवंच.’ नको. संकल्पना, प्रतिमान किंवा पद्धतही चालते. कॉड यांनी 1970मध्ये डेटाबेसचं रिलेशनल मॉडेल मांडलं ते कागदावर. ते प्रत्यक्षात उतरवणारी आयबीएमची ‘सिस्टीम आर’ त्यानंतर काही वर्षांनी आली.

‘प्रश्नावलीशिवाय मूल्यमापन होत नाही.’ प्रयोग, सिम्युलेशन, केस स्टडी, गणिती विश्लेषण हे सगळे मार्ग 2004च्या त्याच लेखात दिलेले आहेत.

‘पेफर्स यांनी सांगितलेल्या डिझाइन सायन्सच्या सहा पायऱ्या क्रमानेच चढायच्या.’ पेफर्स आणि सहकाऱ्यांच्या 2007च्या लेखात सुरुवात करायच्या चार जागा दाखवल्या आहेत. मागे फिरून उद्दिष्टं किंवा डिझाइन बदलायलाही मुभा आहे.

‘यात सिद्धान्त नसतो.’ ग्रेगर आणि जोन्स यांनी 2007मध्ये डिझाइन सिद्धान्ताचे आठ घटक सांगितले. तपासता येतील अशी विधानं हा त्यातलाच एक. दवाखान्याच्या नियमाने सकाळच्या गर्दीत थांबण्याचा वेळ कमी होईल, हे असंच एक विधान आहे, आणि ते खोटं ठरू शकतं.