शिक्का सगळ्यात शेवटी

सफाळ्याचे हे काका रेल्वेतून निवृत्त झालेले. बंदूक त्यांच्या घरात नाही. आहेत ते बंदूक खांद्याला अडकवायचे जुने चामडी पट्टे, चोरबाजारातून एकेक करून आणलेले. हा माणूस पट्टा आधी हुंगतो आणि मग बघतो, असं कानावर आलं होतं, म्हणून गेलो.

ते खरंच हुंगतात. कापलेल्या कडेशी नाक नेतात, डोळे मिटतात आणि बराच वेळ बोलत नाहीत. सालीत कमावलेल्या कातड्याला शंभर वर्षांनंतरही झाडाचा वास राहतो, असं त्यांचं म्हणणं. मीही हुंगून पाहिलं. तुरट, कोरड्या सालीसारखा तो वास अजून आठवतो.

मग पट्टी लावली. "सव्वा इंच," काका म्हणाले. अमेरिकी सैन्याच्या 1907च्या नमुन्याची ही रुंदी. एक लांब तुकडा, एक आखूड, जोडीजोडीनं पाडलेली भोकं आणि त्यांत अडकणारे दोन दातांचे आकडे. या पट्ट्याचे आकडे पितळी, कडांना कळंक चढलेला. दुसऱ्या महायुद्धात पितळ काडतुसांना लागू लागलं, तेव्हा आकडे पोलादी झाले. त्या काळात अमेरिकी फौजा मुंबई बंदरात उतरत होत्या, त्यामुळे असा पट्टा चोरबाजारात मिळाला तर आश्चर्य नाही.

काकांनी पट्टा उलटा केला. भोकांची एकच जोडी लांबट झालेली, बाकीची गोलच. त्या जोडीमागे आकड्याचा दाब कातड्यात रुतलेला. कुणा एका सैनिकानं आपल्या अंगाला बेतून बांधलेला पट्टा पुन्हा सोडलाच नसावा. माझं बोट तिथून हलेना.

शिक्का त्यांनी सगळ्यात शेवटी वाचला: आर.आय.ए., म्हणजे रॉक आयलंड आर्सेनल. खाली 1918 आणि तपासनिसाची आद्याक्षरं.

दुसरा पट्टाही सव्वा इंच. त्यावरही तोच शिक्का, उलट जास्त ठसठशीत. काकांनी रापीनं कडेची बारीक कात्रण काढली, तर आतून निळसर राखाडी रंग निघाला. म्हणजे सालीत नव्हे, क्रोममध्ये कमावलेलं कातडं, वरून तपकिरी रंगवलेलं. भोकं सगळी सारखीच झिजवलेली. "सव्वा इंच तर नक्कल करणाराही मोजतो," ते म्हणाले. अशा नकला आपल्याच देशात बनून परदेशी जातात. बनवणाऱ्या कारागिराला मी दोष देणार नाही. नक्कल जुनी म्हणून विकणारा मात्र सरळसरळ फसवतो.

स्विस पट्ट्यांवर जिनगराचं नाव, त्याचं गाव आणि वर्षाचे शेवटचे दोन अंक असतात. एखाद्या खेड्यातल्या जिनगराचं नाव असं टिकून राहतं, हे मला फार मोलाचं वाटतं. आपल्याकडे कानपूरला 1860च्या दशकात सरकारी खोगीर कारखाना निघाला, बाभळीच्या सालीवर तिथलं चर्मकाम वाढलं. पण तिथे राबलेल्या हातांची नावं कातड्यावर उमटली नाहीत.

पावसाळ्यात सफाळ्याच्या दमट हवेत पट्ट्यांवर बुरशी धरते. काका ती कोरड्या मऊ फडक्यानं टिपतात, ऊन दाखवत नाहीत, तेलही लावत नाहीत. तुमच्या घरी पणजोबांचा असा पट्टा असेल तर तो पॉलिश करून चकचकीत करू नका. तेलानं कातडं काळवंडतं, शिवणीचा दोरा कुजतो, आणि घासताना शिक्क्यातलं वर्ष कायमचं जातं.